कपिलेची पोळी

तव्यावरची पहिली पोळी आमच्यापैकी कोणाच्याही ताटात पडत नसे. हर्नडनला असताना आई ती अपार्टमेंटच्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायची, आणि दर थोड्या दिवसांनी खालच्या ऑफिसातून चिठ्ठी यायची की रहिवाशांनी पक्ष्यांना खाऊ घालू नये. बाबा ती चिठ्ठी वाचून दाखवायचे आणि आई म्हणायची, "पक्ष्यांना कोण घालून राहिलं? ती गाईची आहे." व्हर्जिनियाच्या त्या तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार, असं बाबांनी एकदाच विचारलं. ते पुण्याचे, त्यांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नसे. आईचं उत्तर तयार होतं. आपण बाजूला काढायची, कोण नेतं ते आपण पाहायचं नाही. नागपूरजवळच्या तिच्या माहेरी कपिला नावाची गाय रोज सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. सात वर्षांची असल्यापासून आईने तिला पहिली पोळी दिली होती, आणि ती सवय सासर, सातासमुद्रापारचा देश, कशालाही बधली नव्हती.

मग बाबांची नोकरी गेली. त्या वर्षी हर्नडनमध्ये आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांतल्या बाबांच्या नोकऱ्या गेल्या. पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन एकत्र जेवायला, जमलेले काका लोक क्रिकेटऐवजी व्हिसाबद्दल बोलायला लागले. कोणी ॲशबर्नला गेलं, कोणी ओहायोतल्या डब्लिनला, कोणी थेट परत. बाबांना मिळाली ती नोकरी मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, एका लहानशा हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. नकाशावर त्या गावाच्या वर फक्त हिरवा रंग होता आणि मग कॅनडा. आईने नकाशा पाहिला आणि विचारलं, "तिथे मेथी मिळते का?" बाबा म्हणाले, "तिथे काय मिळतं हे विचारायची वेळ आपल्यावर नाहीये गं."

आमचं घर रस्त्यावरचं शेवटून दुसरं. शेवटचं एल्सीमावशीचं. त्यापुढे बर्फ उपसणारी गाडी वळायची आणि परत जायची, आणि तिथून जंगल सुरू व्हायचं. स्प्रूस आणि फरची काळसर झाडं, मधूनमधून बर्चची पांढरी खोडं, दलदलीकडे सीडरची दाटी. मला ते जंगल पहिल्या वर्षी अजिबात आवडलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मॉल लागतो, मैत्रिणी लागतात. मला मिळालं काय, तर सकाळी फावड्याने बर्फ खरवडल्याचा आवाज, तळघरातल्या भट्टीची धडधड आणि आईच्या फोडणीचा वास, जो खिडक्या बंद असल्यामुळे सहा महिने माझ्या कोटात बसून शाळेत यायचा. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाला येऊन टेकले आहे, आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो ते नेमकं तेच सगळं आहे. मोहरी तडतडायची, बाहेर सगळं पांढरं, आणि रेडिओवर कोणत्या शाळा उशिरा भरणार त्याची यादी. आईला इंग्रजी फारसं यायचं नाही, तरी त्या यादीत आमच्या शाळेचं नाव आलं की ती बरोबर ओळखायची आणि गॅस बारीक करायची.

एल्सीमावशी सत्तरीच्या पुढची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मिनियापोलिसला. सोबतीला ओटो नावाचा म्हातारा, जाडा, तांबडा कुत्रा. तिला मावशी म्हणायचं हे आईनेच ठरवलं, पहिल्याच दिवशी, ती गरम भांड्यातून कसलंसं बटाट्याचं कालवण घेऊन आली तेव्हा. एल्सीमावशीने "मावशी" हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली. त्या दोघींची मैत्री कशी जमली हे मला आजही पूर्ण कळलेलं नाही. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी येत नव्हतं, आणि मधे मी, चेहरा पाडून बसलेली. आई लोणच्याबद्दल पाच वाक्यं बोलायची, मी दोन सांगायचे. एल्सीमावशी हळूहळू, शब्द मोजून, एखाद्या पायवाटेवरून चालावं तसं बोलायची, आणि तिचं संपेपर्यंत माझं लक्ष उडालेलं असायचं. दुभाषाचं काम करणाऱ्या मुलांना एक सत्ता मिळते. आईवडिलांना जग किती दिसावं हे ती ठरवतात. मी ती सत्ता आळसाने वापरत होते.

पहिल्याच हिवाळ्यात मागच्या कुंपणाशी हरणं आली. आईने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पाच-सहा माद्या, त्यांतली एक वयस्कर, डावा कान फाटलेला. आई चपला घालून तशीच बर्फात धावली, पोळी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि परत येऊन खिडकीशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने फाटक्या कानाची पुढे आली आणि तिने पोळी ओढून घेतली. "बघ," आई म्हणाली, "कपिला." बाबा म्हणाले, "अगं, ते हरीण आहे." आई म्हणाली, "गायच आहे. जरा बारीक आहे." त्या दिवसापासून रोज सकाळी कपिला यायची आणि आई तिच्याशी बोलायची. फोनवर नागपूरला बोलताना आईचा आवाज नेहमी थोडा चढा, उसना असायचा. कपिलेशी बोलताना तो तिचा स्वतःचा असायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात एल्सीमावशीने मला बर्फावर चालायचे जाळीदार बूट दिले आणि शनिवारी जंगलात न्यायला सुरुवात केली. मी कुरकुरत गेले आणि हळूहळू कुरकुर थांबली. सशांचे रस्ते तिने दाखवले. स्प्रूसच्या खाली वाकलेल्या फांद्यांमधून रोजच्या येण्याजाण्याने दाबून घट्ट केलेल्या वाटा. ससे हिवाळ्यात पांढरे होतात, आणि त्यांच्याच वाटांवरून लिंक्स नावाची रानमांजर चालते, कारण तयार रस्ता कोणाला नको. "एकच रस्ता, दोघांचा," ती म्हणायची. "एक जेवायला जातो, दुसराही जेवायलाच जातो." लांडग्यांचे ठसे तिने दाखवले. सात-आठ जनावरं चाललेली असूनही एकाच्या पावलात दुसऱ्याचं पाऊल, अशी एकच सरळ ओळ. त्या ओळीच्या वर डोमकावळे उडायचे. लांडगे मारतील आणि आपल्याला मिळेल, हा त्यांचा हिशेब. मला भीती वाटली तर ती म्हणायची, "चाळीस वर्षं मी त्यांची गाणी ऐकत झोपतेय. अंगणात एकदाही आले नाहीत."

का आले नाहीत तेही तिने सांगितलं. नदीच्या पलीकडे एक कळप, तळ्याच्या पलीकडे दुसरा. दोघांच्या हद्दी ठरलेल्या. मधला मैल-दीड मैलाचा पट्टा कोणाचाच नाही. तिथे उगाच पाऊल टाकलं तर दुसऱ्या कळपाशी गाठ पडते आणि जीव जातो, म्हणून दोन्ही कळप तिथे जायचं टाळतात. आणि ते टाळतात म्हणून हरणं तिथेच राहतात. लांडग्यांच्या जंगलात हरणं जगतात ती लांडग्यांच्या आपसातल्या धाकावर. आमची दोन्ही घरं त्या पट्ट्यात होती. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला लगेच पटलं. "दोन भावांच्या वादातल्या बांधावर कोणीच नांगर घालत नाही," ती म्हणाली. "तिथेच गवत चांगलं वाढते." बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आपणही तसेच आहोत. बांधावरचं गवत." त्यांचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा दोन वर्षं कुठेतरी अडकले होते. पोस्टमनची गाडी दिसली की ते जेवण सोडून उठायचे.

त्याच डिसेंबरमध्ये एल्सीमावशीने कुंपणावरची पोळी पाहिली. ती हसली. मग मला म्हणाली, "आईला सांग, एका पोळीने काही होत नाही. पण धान्य घालू नकोस, ढीग तर कधीच नको. हिवाळ्यात हरणाचं पोट काटक्या आणि साली खाण्यासाठी बसलेलं असतं. त्यात एकदम धान्य गेलं तर ते आंबतं आणि हरीण मरतं, भरल्या पोटी मरतं. आणि हरणं एका जागी गोळा झाली की लांडगे येतात, मग हद्द असो की नसो. हे सगळं नीट सांग. विसरणार नाहीस ना?" मी म्हटलं, नाही विसरणार. घरी येऊन बूट काढता काढता मी आईला म्हटलं, "आई, ती म्हणतेय जास्त नको देऊ. सवय लागते त्यांना." आई म्हणाली, "एका पोळीने काय सवय लागते, बाप्पा." आणि मी वर निघून गेले, कारण हर्नडनच्या मैत्रिणीचा फोन यायचा होता.

मी विसरले नव्हते. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे कित्येक महिने मी स्वतःला विसरले असंच सांगत होते. मला ते सगळं वाक्यन्‌वाक्य आठवत होतं. एवढं लांब भाषांतर करायचा कंटाळा आला होता. आणि थोडं असंही होतं की आईला त्या घरात एकच आनंद होता आणि तो तिच्या हातून काढून घेणारी मी व्हायला तयार नव्हते. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दोन्ही मिळूनही पुरेशी नाहीत.

संक्रांतीच्या शनिवारी आईने हळदीकुंकू ठरवलं. दोन तासांवरच्या शहरात पाच-सहा मराठी घरं होती. त्या घरांतल्या सगळ्या बायका येणार, मुलं येणार, रात्री राहणार. आईने दोन दिवस गूळपोळ्या लाटल्या, वाण म्हणून द्यायला झाकणाचे डबे आणले, आणि लग्नाच्या पंक्तीला पुरेल एवढं मसालेभाताचं पातेलं चढवलं. सकाळपासून बर्फाचं वादळ. दुपारी बारा वाजता पहिला फोन आला. "वहिनी, हायवे बंद केलाय, कॅन्सल करावं लागतंय, सॉरी यार." एकापाठोपाठ सगळे तसेच. आई पैठणी नेसून, हातात वाटी घेऊन उभी होती. तिने मलाच हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, मग फोनवरून एल्सीमावशीला बोलावलं. ती त्या वादळात ओटोला घेऊन चालत आली, कपाळावर भलंमोठं कुंकू लावून घेतलं, दोन गूळपोळ्या खाल्ल्या आणि एक ओटोला दिली.

आम्ही आठवडाभर मसालेभात खाल्ला. पातेलं गॅरेजमध्ये ठेवलं की आपोआप गोठायचं, त्यातून तुकडे फोडून गरम करायचे. सातव्या दिवशी बाबांनी ताटासमोर हात जोडले. पातेल्यात अजून अर्ध्याच्या वर भात होता. शिवाय तळघरात तांदळाची एक गोणी होती, तिच्यात सोनकिडे झाले होते. अन्न टाकायचं नाही, हे आईचं धर्मापेक्षा मोठं काम. त्या दुपारी तिने भातावर गरम पाणी घालून तो मोकळा केला, गोणी बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर टाकली, आणि मागच्या कुंपणाशी सगळं पसरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. पिवळा भात, पांढरा तांदूळ, वाफ. हरणं नेहमीसारखी थांबलीदेखील नाहीत, सगळी एकदम आली. आईने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. ती इतकी खूश मी हर्नडन सोडल्यापासून पाहिली नव्हती. मीही हात हलवला.

दोन दिवसांनी कपिला लाकडांच्या ढिगापाशी पडलेली दिसली. पोट टम्म फुगलेलं, पाय ताठ. आई म्हणाली, "थंडीने गेली बिचारी. म्हातारी झाली होती." जमीन दगडासारखी गोठलेली, पुरणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले कोणाला तरी फोन करायला हवा. मग म्हणाले, नको, उगाच कुठे नाव लागायला नको. त्यांनी आणि आईने तिला ओढून झाडांच्या कडेला नेलं. तासाभरात डोमकावळे आले. "शिवला लगेच," आई म्हणाली आणि हात जोडले. मी शाळेचा गृहपाठ घेऊन बसले. एल्सीमावशीचं प्रत्येक वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं, आणि त्यातलं एक वाक्य अजून खरं व्हायचं बाकी होतं.

ते तिसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी पोहे खात होते, बसला दहा मिनिटं होती. ओटो भुंकायला लागला. तो म्हातारा होता, दोन-चारदा भुंकून दमायचा. त्या दिवशी त्याचं भुंकणं आमच्या घराच्या बाजूने, मग मागून, मग झाडांच्या कडेकडून आलं. त्यानंतर एक वेगळाच आवाज आला आणि मग काहीच नाही. पुढे एल्सीमावशीची हाक ऐकू आली, दोन अक्षरं लांबवून, पुन्हा पुन्हा. आई दाराकडे धावली. बाबांनी मला खिडकीपासून दूर ओढलं. सगळं संपल्यावर त्या दोघींनी ओटोला एका घोंगडीत गुंडाळून एल्सीमावशीच्या गॅरेजमध्ये नेलं. आईच्या कोटाच्या बाह्या लाल झाल्या होत्या, ते डाग कधीच पूर्ण गेले नाहीत.

संध्याकाळी आईने आमटी-भाताचा डबा भरला आणि मला म्हणाली, "चल. मला तिच्याशी बोलायचं आहे." बाबांनी विचारलं, काय बोलायचंय. "भात आपण टाकला. हरणं त्याच्याने गोळा झाली, त्यांच्यामागे लांडगे आले. तिला सांगायला नको?" बाबा सोफ्यावरून उठले. "हे बघ, आपलं स्टेटस अजून पेंडिंग आहे. इथे जंगली प्राण्यांचे काय नियम असतात आपल्याला माहीत नाही. उद्या कोणी कंप्लेंट केली तर? झालं ते झालं. सॉरी म्हणून ये, बस."  आईने शाल गुंडाळली आणि डबा उचलला.

एल्सीमावशी स्वयंपाकघरात बसली होती. ओटोचं पाण्याचं भांडं अजून जमिनीवरच होतं. आई तिच्यासमोर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीत सगळं सांगितलं. भात, तांदूळ, कपिला, सगळं. मग माझ्याकडे वळली. "सांग तिला. एकेक गोष्ट सांग."

मी सांगितलं, "आई म्हणतेय, ओटोबद्दल तिला फार, फार वाईट वाटतंय."

एल्सीमावशी म्हणाली, "तिला सांग, कोणाचाच दोष नाही." मी आईला सांगितलं, "ती म्हणतेय, कोणाचा दोष नाही." आणि माझी आई, जिला डिसेंबरमधला तो इशारा अजून माहीतच नव्हता, एल्सीमावशीच्या हातांवर डोकं टेकून रडली. आपल्याला क्षमा मिळाली असं तिला वाटलं. मी खोटं बोलले ते बाबांच्या कागदांसाठी, असं मला तेव्हा वाटत होतं. खरं कारण हे की भाताची गोष्ट सांगितली असती तर एल्सीमावशीने माझ्याकडे पाहून विचारलं असतं, "मी सांगितलं होतं ना?"

पुढच्या आठवड्यात रस्त्यावरच्या लोकांनी ठरवलं की सरकारी माणसाला बोलवायचं. तो येऊन तारेचे फास लावतो आणि लांडगे धरून मारतो. एल्सीमावशी आधी नको म्हणत होती, मग हो म्हणाली. शनिवारी मी तिच्याकडे गेले तर तिने जाळीदार बूट बाहेर काढलेच नाहीत, खिडकीतून झाडांकडे बघत बसली. "चाळीस वर्षं," ती म्हणाली. "मला वाटायचं मी त्यांना ओळखते. कधी येतील, कधी नाही येणार, मला कळायचं. आता ते माझ्या अंगणात का आले तेच मला कळत नाही. काही कारणच सापडत नाही." नंतर म्हणाली की मुलगी तिला मिनियापोलिसला बोलावते आहे आणि ती जाणार आहे. जे कळत नाही त्याच्या शेजारी या वयात एकटीने झोपायला तिला भीती वाटते.

ती भित्री नव्हती. मी तिला गोठलेल्या तळ्यावर एकटीने चालताना पाहिलं होतं. तिचा कुत्रा लांडग्यांनी हिरावला होता, पण तिचं जंगल मी हिरावलं होतं, एका वाक्याने, जे मी सांगितलं नव्हतं.

फास लावणारा माणूस गुरुवारी यायचा होता. बुधवारी शाळेतून आले तर तिच्या गॅरेजचं दार उघडं, आत खोक्यांची रांग. आई पोळ्या करत होती, पहिली पोळी बाजूच्या ताटलीत. कपिला गेली तरी ती काढायचीच. कुंपणावर मात्र ठेवायची नाही, संध्याकाळी स्वतःच खायची. "ती सामान का बांधून राहिली?" आईने विचारलं. मी दप्तर न काढता तिथेच उभी राहिले आणि डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं. धान्य घालू नको. पोट आंबतं. भरल्या पोटी मरतात. लांडगे येतात. आणि त्या संध्याकाळी मी तिच्या नावाने काय सांगितलं नाही, तेही.

आईने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला. तोवर तव्यावरची पोळी करपली होती आणि स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. ती त्या ताटलीकडे वळली. "म्हणजे कपिलेला मी मारलं," ती म्हणाली.  मग तिने कोट चढवला, डागांचा, आणि म्हणाली, "चल."

एल्सीमावशीने दार उघडलं. आईने मला बोलायला संधीच दिली नाही. तिने वाटेतल्या त्या पन्नास पावलांत तोंडातल्या तोंडात जुळवलेलं इंग्रजी एकदम बाहेर काढलं. "राइस. आय गिव्ह. मेनी राइस." आणि छातीवर हात ठेवून, "यू टोल्ड. आय नॉट लिसन. माय मिस्टेक."

ती खोटं बोलत होती. माझ्यासाठी, जन्मात पहिल्यांदा, मला न येणाऱ्या धैर्याने आणि तिला न येणाऱ्या भाषेत. एल्सीमावशीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ठाऊक होतं की मी गप्प बसले तर हे इथेच मिटेल आणि ते आयुष्यभर आईच्या नावावर राहील.

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "तिला माहीतच नव्हतं. तुम्ही सांगितलेलं मी तिला सांगितलं नाही. आणि तिने तुम्हाला त्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तेही मीच सांगितलं नाही." आई माझा दंड ओढत होती, "काय बोलून राहिली? काय सांगितलं तिला?" मी मराठीत तेच आईला सांगितलं. एका उंबऱ्यावर उभी राहून दोन भाषांत एकच गोष्ट.

एल्सीमावशीने विचारलं, "किती तांदूळ?" मी सांगितलं. गोणीच्या आकारासाठी हात पसरून दाखवले. ती खुर्चीवर बसली. "म्हणजे ते भातावरच्या हरणामागे आले," ती म्हणाली. "ओटो मधे गेला. एवढंच." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहऱ्यावरचा तो आठवडाभराचा हरवलेपणा गेला होता. "एवढंच," ती पुन्हा म्हणाली आणि फोनकडे गेली. सरकारी माणसाला तिने दोन मिनिटांत नको म्हणून सांगितलं. बोलताना तिने आमचं नाव घेतलं नाही.

मग तिने फावडी काढली. उजेड अजून तासभर होता. आम्ही तिघींनी कुंपणापाशी उरलेला तांदूळ बर्फासकट खरवडून पोत्यांत भरला. कपिलेचं जे काही राहिलं होतं ते घसरगाडीवर घालून नदीच्या दिशेने ओढत नेलं, जिथे ते लांडग्यांना त्यांच्याच हद्दीत मिळेल. आईने शेवटी काहीतरी पुटपुटत हात जोडले. डोमकावळे झाडावरून आमच्याकडे बघत होते, आम्ही जायची वाट पाहत.  बाबा अंगणात उभे होते, हातात करपलेला तवा. त्यांना सगळं कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला निदान फोन तरी करायचात." कागद पुढच्या वर्षी आले, जसे यायचे होते तसेच.

एल्सीमावशी गेली नाही. खोकी वसंतात रिकामी झाली. आईची पहिली पोळी त्या दुसऱ्या दिवसापासून तिला जायला लागली. रोज बसच्या आधी मी ती कापडात गुंडाळून नेऊन द्यायचे आणि ती तिला लोणी आणि ब्लूबेरीचा जॅम लावून खायची. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची, जंगलात न्यायची. एकच बदल झाला. मी काहीही भाषांतर केलं की ती थांबायची आणि विचारायची, "सगळं सांगितलंस?" आईनेही ते उचललं. वर्षानुवर्षं मी त्या दोघींच्या मधे बसले आणि दोन्ही बाजूंनी तोच प्रश्न झेलत राहिले.

कॉलेजसाठी निघाले त्या सकाळी एल्सीमावशी काठी टेकत आमच्याकडे आली. आईने चहा टाकला. एल्सीमावशी हळूहळू, नेहमीसारखी शब्द मोजत म्हणाली, "आईला सांग, ओटो गेला त्या वर्षी मी हे घर सोडणार होते. ती बर्फातून आली आणि तिने मोडक्या इंग्रजीत तुझ्यासाठी खोटं सांगितलं, म्हणून मी राहिले. सांग की तिला मी त्याच दिवशी माफ केलं होतं." मग माझ्याकडे वळली. "तुला करायला मला वसंत उजाडला. तेही सांग."

मी सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

आईने कपात साखर घातली, ढवळली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिला सांग, मला तर उन्हाळा लागला."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तेही सांगितलं.